मुलूख दाखविताना

परदेशातून आलेल्या तरुण पाहुण्याला आपला मुलूख दाखविणे ही वरवर पाहता साधी गोष्ट वाटते. पाहुणा चार दिवस राहतो, यजमान त्याला देऊळ, नदी, बाजार दाखवितो, घरातली माणसे त्याला आपल्या पद्धतीने जेवू घालतात आणि निरोपाच्या वेळी दोन्ही बाजूंना थोडे हुरहुरल्यासारखे होते. परंतु ज्याच्या दारी असा पाहुणा उतरतो त्याला पहिल्याच संध्याकाळी एक निवड करावी लागते. काय दाखवायचे, कोणत्या क्रमाने दाखवायचे आणि काय दाखवायचे टाळायचे? दाखविणे म्हणजे अखेर निवडणे होय, आणि निवडीत माणसाचे स्वतःशी असलेले नाते उघडे पडते. ज्याचे घर चार पिढ्या एका मुलखात आहे आणि घरातली भाषा मात्र दुसऱ्या मुलखाची आहे, त्याच्यापुढे तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. आपण येथले यजमान आहोत, की मुक्काम लांबलेले पाहुणे?

छत्तीसगढमधील दुर्ग येथल्या एका मराठी घराला हा प्रश्न एका भाद्रपदाच्या तोंडावर पडला. घर जुने, कौलारू, स्टेशनापासून फारसे दूर नसलेले. घरधनी शाळेतून निवृत्त झालेले, बाई अमरावतीकडच्या. एक मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला. मुलीच्या ओळखीतून जर्मनीची दोन तरुण मुले, एक मुलगी आणि तिचा सोबती, पाच दिवसांसाठी या घरी उतरली. दोघांनीही पंचविशी गाठलेली नव्हती. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारण्याची त्यांना सवय. येथे आल्यावर पहिल्याच जेवणाच्या पानावर ती ‘काका’ आणि ‘काकू’ म्हणायला शिकली, आणि त्या दोन शब्दांनी घरातला अर्धा संकोच संपला.

गावाच्या नावापासूनच बोलण्याला सुरुवात झाली. दुर्ग म्हणजे किल्ला, पण इंग्रजांच्या कागदपत्रांत या नावाचे रोमन लेखन असे होत असे की आजचा परदेशी वाचक ते अंमली पदार्थाचे नाव म्हणूनच वाचील. पाहुण्यांना त्याची फार गंमत वाटली. मग तरुणाने सरळ विचारले, “तुम्ही मूळचे इथलेच का?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही, हे यजमानांना त्या क्षणी नव्याने जाणवले असावे. कारण त्यांनी उत्तर सुरू केले ते १७४१ पासून.

१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आला आणि कलचुरींची शतकानुशतकांची सत्ता त्याच्यापुढे नमली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून राज्य करीत होते. तेथल्या टेकडीवरचे रामाचे देऊळ त्यांच्या काळाची साक्ष देते. त्यानंतर सुभेदार आले आणि त्यांच्याबरोबर वसुलीची ती कडक आठवण, जी येथील लोकांच्या मनातून पुरती गेलेली नाही. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे कचेऱ्या, शाळा, न्यायालये आणि रेल्वे यांच्या वाटेने मराठी माणसे येथे येत राहिली. १९०६ मध्ये दुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. या घरातले पणजोबा त्याच सुमारास कारकुनीसाठी येथे आले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि दुर्ग मध्य प्रदेशात राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले. घर तेथेच होते. राज्ये मात्र त्याच्या अंगणातून ये-जा करीत राहिली. सैन्याच्या पाठोपाठ आलेल्यांचे वंशज म्हणून अभिमान बाळगावा की संकोच, हा प्रश्न यजमानांनी पाहुण्यांपुढे मांडला, पण त्याचे उत्तर दिले नाही.

पाहुणे आले तो दिवस पोळ्याचा होता. या एका दिवसात दोन मुलखांचे पंचांग कसे गुंतलेले आहे ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात ही श्रावणातली अमावास्या. छत्तीसगढात महिना पौर्णिमेला संपत असल्यामुळे हीच तिथी भाद्रपदातली, म्हणजे भादोची, अमावास्या ठरते. चंद्र एकच, सण एकच, महिन्याचे नाव तेवढे वेगळे. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल ओढतात. येथे मुलांच्या हाती मातीचे नंदीबैल येतात आणि मुलींच्या वाट्याला मातीची इवलीशी जाती आणि भांडी. बाईंनी पुरणपोळी केली होती; शेजारच्या छत्तीसगढी घरातून ठेठरी, खुरमी आणि गुळाचा चीला आला. जर्मन मुलीने दोन्ही ताटांतले सारखेच चापून खाल्ले आणि मातीचा बैल हातात फिरवून विचारले, “हा कोणत्या लोकांचा सण?” बाई म्हणाल्या, “बैलांचा.” इतिहासाच्या लांबलचक उत्तरापेक्षा हे उत्तर अधिक नेमके होते, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा दिवस भिलाईचा. कोणत्याही यजमानाला भिलाई टाळता येत नाही आणि टाळण्याचे कारणही नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. आरंभीची क्षमता वर्षाला १० लाख टन पोलादाची होती. देशाच्या लोहमार्गांचे रूळ येथे घडतात, त्यामुळे भारतात आगगाडीने फिरलेला पाहुणा न कळत भिलाईवरूनच फिरलेला असतो. येथे यजमानांनी एक तपशील मुद्दाम सांगितला. पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने राउरकेला येथे उभारलेल्या कारखान्याची पहिली भट्टी राजेंद्रप्रसादांनीच आदल्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, सुरू केली होती. दुभंगलेल्या जगाच्या दोन बाजू, एक नवस्वतंत्र देश, आणि एकामागून एक दोन दिवस. दोन्ही पाहुणे जर्मनीचे दोन भाग एक झाल्यानंतर जन्मलेले. त्यांना हे सारे आजोबांच्या काळातल्या कहाणीसारखे वाटले.

परंतु भिलाईच्या वसाहतीत हिंडताना लक्षात येते की पाहुणचाराचा एक प्रचंड प्रयोग येथे होऊन गेला आहे. सोव्हिएत अभियंते आणि तंत्रज्ञ आपली बायकामुले घेऊन येथे राहिले. देशाच्या प्रत्येक प्रांतातून माणसे आली. क्रमांक लावलेल्या सेक्टरांत बंगाली, तेलुगू, मलयाळी, पंजाबी, मराठी बिऱ्हाडे शेजारी शेजारी लागली. १९७२ साली उभारलेल्या मैत्रीबागेचे नावच त्या स्नेहाची खूण म्हणून ठेवलेले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. बाग मात्र राहिली, आणि आजही मुले तेथील पांढरे वाघ पाहायला जातात. ज्या राष्ट्राशी मैत्री केली ते राष्ट्र नाहीसे झाले तरी मैत्रीचे नाव एका बागेला चिकटून राहावे, यात जेवढी विसंगती आहे तेवढीच हृद्यताही आहे.

या प्रयोगात खरे यजमान कोण होते, हा प्रश्न मात्र तरुणाने विचारला तेव्हा यजमान थोडे थांबले. भिलाई हे मुळात एका खेड्याचे नाव. त्याच्या आणि आसपासच्या खेड्यांच्या जमिनींवर हे सारे उभे राहिले. ज्यांच्या शेतांत पाहुण्यांची घरे बांधली गेली, त्या शेतकऱ्यांना या पाहुणचाराविषयी कोणी विचारले असेल असे वाटत नाही. कारखान्यात काहींना काम मिळाले, काहींना मिळाले नाही. आदरातिथ्याच्या सगळ्या गोड कथांत ज्याच्या चुलीवर स्वयंपाक झाला त्याचे नाव वगळले जाण्याची ही जुनी रीत आहे.

दुपारी गाडी शिवनाथ ओलांडून राजनांदगावला गेली. पावसाळ्यात शिवनाथ गढूळ आणि रुंद असते. महानदीची ही सर्वांत लांब उपनदी. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवीत होते. मातृभाषा मराठी आणि काव्याची भाषा हिंदी. १९६४ साली त्यांचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला ते गेले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात राहून मराठीत कविता, कादंबरी आणि समीक्षा लिहीत राहिले. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन भाषा निवडाव्यात आणि दोन्ही भाषांना त्यांचा धाक वाटावा, असे उदाहरण विरळाच. कवी राहत असे त्या वास्तूतला चक्राकार जिना पाहून मुलीने विचारले, “त्यांनी आपली भाषा का सोडली?” यजमानांनी उत्तर दिले ते चिंतनीय आहे. ते म्हणाले, “सोडली असे नाही. ज्यांच्यामध्ये राहायचे त्यांच्याशी बोलायला गेले.” येथे माधवराव सप्रे यांचेही स्मरण करावेसे वाटते. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक त्यांनी सुरू केले, आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. या मराठी माणसाने आपल्या मासिकाला ‘मित्र’ म्हटले. अधिकाऱ्याची मुद्रा न घेता मित्राची भूमिका घेऊन परक्या मुलखात वावरणे, हा एक वेगळाच वारसा म्हटला पाहिजे.

परदेशातून आलेला तरुण आणि त्याला हा मुलूख दाखविणारा मराठी माणूस, अशी एक जोडी या भागाच्या इतिहासात पूर्वीही होऊन गेलेली आहे. १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन हा पंचवीस वर्षांचा इंग्रज पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. तेथे त्याला शामराव हिवाळे भेटले. १९३२ मध्ये हे दोघे मैकल डोंगररांगांतल्या करंजिया या गोंड खेड्यात राहायला गेले. एल्विनच्या छत्तीसगढी लोकगीतांच्या संग्रहाचे नाव जाणकारांना ठाऊक असते. तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी शामरावांचाही परधानांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, पण त्याची आठवण क्वचितच निघते. औषधपाणी, शाळा आणि माणसांची सुखदुःखे सांभाळणाऱ्या शामरावांवाचून एल्विनला तो मुलूख उमगला असता काय? पाहुण्याने लिहिलेले पुस्तक जगभर जाते, आणि ज्याने दार उघडले तो दाराशीच राहतो. एल्विन पुढे ईशान्येला गेला. शामराव मध्य प्रांतातल्या त्या डोंगरांतच राहिले.

तिसऱ्या दिवशीच्या प्रवासाविषयी घरात मतभेद झाला. बाईंचे म्हणणे, मुलांना तांदुळा धरणावर न्यावे, झलमल्याच्या गंगामैयाचे दर्शन घडवावे आणि परत यावे. यजमानांच्या मनात दल्ली-राजहरा होते. ही लोहखनिजाची डोंगररांग २०१२ पासून बालोद या नव्या जिल्ह्यात मोडते, परंतु भिलाईच्या भट्ट्यांचा घास तिथूनच येत आला. तेथे १९७७ मध्ये खाणकामगारांवर गोळीबार झाला आणि ११ जण मारले गेले. त्याच कामगारांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमांतून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभारले. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली. “पाहुण्यांना असले कशाला?” असे बाई म्हणाल्या. यात त्यांचे चुकले असे नव्हे. घराला पाहुणा आला म्हणजे अडगळीच्या खोलीचे दार लावून घ्यावे, हीच आपली रीत आहे. पण मुलूख म्हणजे नुसती बैठकीची खोली नव्हे. शेवटी दोन्ही गोष्टी झाल्या. सकाळी गंगामैया, दुपारी राजहरा.

लाल माती, लाल पाणी, लाल धूळ बसलेली झाडे, आणि त्या सगळ्यात कामगारांचा लाल-हिरवा झेंडा. रुग्णालयाच्या आवारात खेड्यांतून आलेली माणसे रांगेत बसली होती. कोणी शिदोरी सोडली होती, कोणी मुलाला थोपटीत होते. पाहुण्यांनी छायाचित्र काढण्यासाठी मोबाइल बाहेर काढला आणि मग आपण होऊनच खिशात ठेवला. परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही. तरुण एवढेच म्हणाला, की कालचा कारखाना त्याला आज कळला.

येथवर यजमानांनी दाखविले आणि पाहुण्यांनी पाहिले. त्या संध्याकाळी मात्र हा क्रम उलटला.

दुर्ग-बालोद रस्त्यापासून आत एका खेड्यात या घराचे मितान राहतात. मितान हा शब्द मराठीत नाही, आणि त्याची नेमकी जागा घेणारी रीतही नाही. छत्तीसगढात दोन माणसे विधिपूर्वक मैत्र जोडतात. कोणी भोजलीचे अंकुर एकमेकांच्या कानावर खोवून, कोणी गंगाजल, कोणी जगन्नाथपुरीचा महाप्रसाद एकमेकांना देऊन. जात वेगळी असली तरी चालते, किंबहुना वेगळी असते तेव्हाच या नात्याचा अर्थ उजळतो. त्यानंतर एकमेकांचे नाव घ्यायचे नाही. ‘मितान’ किंवा ‘महाप्रसाद’ म्हणूनच हाक मारायची. एकाचे आईवडील दुसऱ्याचेही होतात, एका घरचे सुतक दुसऱ्या घराला लागते, आणि हे नाते पुढच्या पिढ्यांकडे जाते. यजमानांचे आजोबा पुरीहून परतले तेव्हा त्यांनी या खेड्यातल्या एका शेतकऱ्याशी महाप्रसाद बदलला होता.

खेड्यात शिरताना मुलीने एका घरावरचे ‘देशमुख’ हे नाव वाचले आणि आनंदाने विचारले, “हे तुमच्यापैकीच ना?” नाव मराठी, माणसे पिढ्यान्‌पिढ्यांची छत्तीसगढी. दुर्गच्या शेतकरी कुर्मी समाजात हे आडनाव रुजलेले आहे. ती भोसलेकाळाची खूण मानली जाते. १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ या रंगमंचीय प्रयोगातून छत्तीसगढी लोकगीतांना नवे चैतन्य देणारे बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख हे यांच्यापैकीच. पदवी देणारी सत्ता गेली, पदवी छत्तीसगढी होऊन राहिली. यजमानांनी मुलीला एवढेच सांगितले, “आमच्यापेक्षा ते इथले अधिक.”

मितानाच्या घरी गेल्याबरोबर म्हाताऱ्या दाईने “आवव, बइठव” म्हणत पाण्याचा लोटा पुढे केला. पाहुण्यांनी पाणी प्यायला हात पुढे केला, तेव्हा पाय धुवायचे आहेत हे यजमानांनी खुणेने सांगितले. मग यजमानांनीही आपले पाय धुतले. ज्या मुलखाचे ते तीन दिवस वर्णन करीत होते, त्या मुलखाने त्यांना पाहुण्याच्या जागी बसविले.

ती तीजेच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. भाद्रपद शुद्ध तृतीया. महाराष्ट्रातली हरतालिका, छत्तीसगढातली तीजा. येथे या सणाचे मर्म उपवासाइतकेच माहेरात आहे. बाप किंवा भाऊ सासरी जाऊन लेकीला घेऊन येतो. म्हातारी झालेली लेकही या दिवशी माहेरी येते. आदल्या रात्री ‘करू भात’, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात, खाऊन दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही न घेता उपवास करायचा. घर लेकींनी भरले होते. जर्मन मुलीला त्यांनी आपल्यात ओढून बसविले, कारले खाताना तिचे तोंड कसे होते ते पाहून खदखदून हसल्या, आणि ती सगळे कारले संपवीपर्यंत उठू दिली नाही.

मग दाईने आतून लुगडी आणली. तीजेला माहेरचे लुगडे मिळते. एक थोरल्या लेकीला, एक धाकटीला, एक जर्मन मुलीला. कारण तीजेला दारी आलेली मुलगी लेकच होय. आणि एक यजमानीण बाईंना. ते त्यांनी इतक्या सहज घेतले की पाहुण्यांचे तिकडे लक्षही गेले नसते. परंतु मुलीने विचारले आणि मग कळले, की लग्न होऊन बाई दुर्गला आल्या त्या पहिल्या वर्षी हरतालिकेला अमरावतीला जाणे जमले नाही. तेव्हा या घरातला माणूस बैलगाडी जुंपून त्यांना न्यायला आला होता. तेव्हापासून एकही तीजा चुकलेली नाही. त्यांच्या पेटीत चाळीसवर लुगडी आहेत. काही विरली, काहींच्या गोधड्या झाल्या.

यजमान हे सारे जाणत नव्हते असे नाही. पण पाहुण्याच्या प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी भास्करपंतापासून सुरुवात केली होती, आणि पेटीतली लुगडी त्यांना आठवली नव्हती. ‘तुम्ही मूळचे इथले का’ या प्रश्नाचा निकाल त्यांच्या घरातल्या बाईंच्या बाबतीत फार पूर्वीच लागला होता. तो निकाल कोणत्या सत्तेने दिला नव्हता, आणि त्यासाठी कोणी जमिनीचा दाखला मागितला नव्हता. माहेर ही अशी जागा आहे, की जिथे माणूस पाहुणाही असतो आणि घरचाही.

तथापि येथे एक दुखरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पुण्याचा मुलगा दरवर्षी दुर्गचे घर विकण्याची गोष्ट काढतो. त्याचे म्हणणे अव्यवहारी नाही. आईवडिलांचे वय होत चालले आहे. पण मितानपण घराबरोबर विकता येत नाही आणि पुण्याच्या सदनिकेत नेताही येत नाही. त्या संध्याकाळी दाईने बाईंना विचारले, “बहू को कब लाओगी?” तिला हिंदी फारशी येत नाही, हे एक वाक्य तिने पाठ करून ठेवले असावे. पुण्याची सून अद्याप एकदाही तीजेला आलेली नाही. बाई म्हणाल्या, “आणीन.” त्या शब्दावर दाईने विश्वास ठेवला की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखे नव्हते. तिने एक जास्तीचे लुगडे मात्र घडी करून बाजूला ठेवले होते.

चतुर्थीला घरात गणपती बसला. आरतीच्या वेळी दोन्ही पाहुण्यांनी मनापासून टाळ्या वाजविल्या, आणि संध्याकाळच्या गाडीने ती हावड्याकडे निघाली. मुलीच्या पाठपिशवीत लुगडे होते आणि कागदात गुंडाळलेला मातीचा बैल.

दिवाळीनंतर आणखी एक पाहुणा येणार असल्याचे पत्र मुलीने बंगळुरूहून पाठविले आहे. यजमानांनी त्याच्यासाठी दिवसांचा क्रम नव्याने लिहून काढला आहे. त्यात पहिल्या दिवशी खेडे आहे. भिलाई तिसऱ्या दिवशी. १७४१ साल कोणी विचारलेच तर सांगायचे आहे.